घरी आणलेले कपडे

"कपडे कोण झटकायचं?" वकीलबाईंनी विचारले.

"ती."

"ती नाही. 'माझी बायको' म्हणा. कोर्टात 'ती' म्हटलं की दहा जणी होतात. कुठे झटकायची?"

"मागच्या अंगणात, नळापाशी."

"किती वर्षं?"

"एकोणतीस."

वकीलबाईंनी टिपून घेतले. त्यांचे ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालचे यंत्र सुरू झाले की वर टेबलावरची टाचण्यांची डबी थरथरू लागे. बाईंचा गुडघा दुखायचा, म्हणून त्या एक पाय स्टुलावर ठेवून बसत, आणि कुणी अशील त्याकडे बघत राहिला तर म्हणत, "खटला डोक्यानं लढायचाय, पायानं नाही." नाना पहिल्यांदा हे ऐकून हसले होते. तीन वर्षांत ते वाक्य त्यांना पाठ झाले होते.

नाना पत्र्याच्या कारखान्यात करवतीवर होते. छपराला घालायचे सिमेंटचे पत्रे तिथे बनत. त्यात घालायचा अ‍ॅस्बेस्टॉस पोत्यांतून येई, आणि कामगार त्याला सरळ 'कापूस' म्हणत. वाळलेला पत्रा करवतीखाली गेला की पांढरी धूळ उसळे. ती भुवयांत बसे, कानांत बसे, खिशांच्या शिवणीत आणि बुटांच्या नाड्यांत जाऊन बसे. नाना ती अंगावर घेऊनच घरी येत. कपडे उतरवून मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवत. बायको ते घेऊन अंगणात जाई, शर्ट कॉलरला धरून दोनदा जोरात झटके, खिसे उलटे करून पुन्हा झटके, मग भिजत घाली. झटकताना ती तोंड फिरवून श्वास धरून ठेवी. पण माणूस श्वास किती वेळ धरणार? नंतर तिथेच उभी राहून शिंकत बसे. तोवर नाना आत चहा पीत असत.

हेच सगळे न्यायाधीशांपुढे सांगायचे होते. खटल्याचा सारा भार या कपड्यांवर होता, कारण बायको कारखान्यात एक दिवसही कामाला गेली नव्हती.

वकीलबाईंनी फाइल उघडली. "आता तुमच्या बायकोची साक्ष वाचते. नीट ऐका, म्हणजे तुमच्या बोलण्यात फरक पडायला नको."

ती साक्ष कोर्टाच्या माणसाने घरी येऊन घेतली होती, बायको जायच्या पाच आठवडे आधी. पुढे नानांनाही साक्षीदार व्हायचे होते, म्हणून त्या दिवशी त्यांना बाहेर बसवले होते. ते पायरीवर बसून राहिले होते. आतून टंकलेखकाची खडखड ऐकू येई, मध्येच तिचा खोकला, मग कंपनीच्या वकिलाचा हलका आवाज. दोन तासांनी सगळे बाहेर पडले तेव्हा नाना आत गेले. नाकात नळी घातलेली बायको उशीला टेकून बसली होती. "झालं एकदाचं," ती म्हणाली होती, "त्या लोकांना चहा तरी विचारला का?" बाकी काय विचारले, काय सांगितले, यातले एक अक्षर तिने काढले नाही आणि नानांनी विचारले नाही.

वकीलबाई वाचू लागल्या. "कारखान्यात कपडे ठेवायची आणि धुवायची सोय होती, हे मला माहीत होतं. हे म्हणायचे, कपडे तिथंच टाकून येतो. मीच नको म्हणायचे. तिथल्या धुण्यात कपडे फाटतात, बटणं तुटतात. घरी आणत जा, असं मीच यांना सांगितलं होतं."

खालचे यंत्र थांबले होते. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे असं नव्हतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितले. सोय होती, ती अशी. एक लांब खोली, सहा नळ आणि पाळीला दोनशे माणसे. अंग धुऊन, कपडे बदलून बाहेर पडायचे तर पाऊण तास रांगेत जाई. पहिली बस पाच दहाला सुटे, दुसरी सहाला. नाना पाच दहाची बस धरत. सगळ्यांत आधी फाटकाबाहेर पडणाऱ्यांत ते असत आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. बायकोने त्यांना कपडे घरी आणायला कधी सांगितले नव्हते. उलट मुलगी झाली त्या वर्षी तिने एकदा विचारले होते, सगळेच लोक असे कपडे घरी आणतात का? नाना म्हणाले होते, सगळेच आणतात. तेवढ्यावर तो विषय संपला होता.

वकीलबाईंनी फाइलमधून आणखी एक कागद काढला. कपडे कारखान्यातच ठेवावेत, अशी ती कंपनीची सूचना होती. खाली कामगारांच्या सह्या होत्या आणि अकरावी सही नानांची होती.

"त्या दिवशी कंपनीच्या वकिलानं तुमच्या बायकोला हा कागद दाखवला," बाई म्हणाल्या. "तुमची सही दाखवली. त्यानंतरचं तिचं उत्तर आहे हे. मी तिला शिकवलं नव्हतं, नाना. मीही तिथंच पहिल्यांदा ऐकलं."

नानांना तो प्रसंग डोळ्यांसमोर उभा करता येईना. दोन वाक्ये सलग बोलली की तिला धाप लागायची. एवढे लांबलचक खोटे तिने कसे बोलून काढले असेल?

बाईंनी मग पाय स्टुलावरून खाली घेतला आणि समजावून सांगितले. धोका काय आहे हे बायकोला कुणी सांगितले नव्हते, त्यामुळे तिच्या सांगण्यावरून कपडे घरी आले असे ठरले तरी खटल्याचे फारसे बिघडत नाही. पण सूचना वाचून, सही करून नवऱ्यानेच ती मोडली, असे निघाले तर कंपनी सगळे त्याच्यावर ढकलणार. "विचारलं नाही तर आपण होऊन सांगू नका," त्या म्हणाल्या.

"आणि विचारलं तर?"

"तर शपथ तुमची आहे. खोटं बोला असं मी सांगणार नाही. फक्त उत्तर देण्याआधी विचार करा."

दुखणे सुरू झाले होते ते साध्या धापेने. कपडे वाळत घालताना बायको मध्येच खाली बसू लागली. छातीत पाणी झाले होते. ते काढले, पुन्हा भरले, पुन्हा काढले. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि निकाल हातात घेऊन बायकोला विचारले, तुम्ही काम काय करता? ती म्हणाली, घरीच असते. डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. मग नानांकडे वळून विचारले, "तुम्ही काय करायचा?"

नानांनी सांगितले. डॉक्टर मान हलवत लिहीत राहिले. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होता आणि तो त्या धुळीचा होता. धूळ आत गेल्यावर तीस-तीस वर्षे काही कळत नाही, मग एकदम कळते. डॉक्टरांनी लगेच नानांच्याही छातीचा फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ निघाला. एकतीस वर्षे करवतीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या छातीत काही नव्हते. तो फोटो घेऊन दवाखान्याच्या जिन्यावरून उतरताना नानांना तोंड कुठे लपवावे ते कळेना. बायको पुढे चालत होती, कठड्याला धरून, एकेक पायरी. खाली आल्यावर ती म्हणाली, "तुमचं चांगलं निघालं, हे बरं झालं."

अकरा महिन्यांत ती गेली.

खटला मुलीने उभा केला. ती पोस्टात काउंटरवर बसायची; हातात शिक्का घेऊन दिवसभर माणसांशी भांडायची सवय तिला होती. आईच्या हयातीतच तिने दावा लावला, रजा काढून काढून तारखांना गेली, आई गेल्यावर वारस म्हणून बापाचे आणि स्वतःचे नाव घातले. डॉक्टरांच्या साक्षीला तीच हजर होती. डॉक्टर म्हणाले होते, हा रोग या धुळीशिवाय सहसा होत नाही. कंपनीच्या वकिलाने तो 'सहसा' असा काही धरला की दुपारची सुट्टी होईपर्यंत सोडला नाही. सहसा म्हणजे किती? शंभरात किती? मग उरलेल्यांत ही बाई नाही कशावरून? आणि तुकड्यात सापडलेला अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा कोणत्या कारखान्यातला, हे भिंगाखाली सांगता येते का? डॉक्टर म्हणाले, नाही येत. त्या दिवशी मुलगी घरी आली ती 'सहसा' या शब्दाला शिव्या घालत.

वकीलबाईंकडून आल्यावर नानांनी जेवताना तिला सगळे सांगितले. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

"आईनं विचारलं होतं तुम्हाला?"

"एकदा."

"आणि तुम्ही म्हणालात, सगळेच आणतात."

"बरेच आणायचे."

"मी ते विचारत नाहीये, बाबा."

मुलीने ताट बाजूला सारले. थोड्या वेळाने ती म्हणाली की आईने मरता मरता जे सांगून ठेवले, ते आता कोर्टात खोटे पाडायचे का? त्या कागदावरच्या चार ओळींखेरीज तिचे काही उरलेले नाही. आणि कंपनीला हेच तर हवे आहे, घरातलेच माणूस पुढे यावे आणि म्हणावे, चूक माझी. ती उठून भांडी घासायला गेली आणि गरजेपेक्षा जास्त आवाज करत राहिली.

दुसऱ्या दिवशी नाना भोंग्याकडे गेले. भोंगा त्यांच्या शेजारच्या करवतीवरचा सोबती. आवाज असा की कारखान्याचा भोंगा बिघडला तर याला गच्चीवर उभा करा, असे साहेब म्हणायचे. तेव्हापासून तेच नाव पडले. सहा नळांचे आणि रांगेचे दुसऱ्या कुणी सांगितले तर बरे, एवढेच नानांचे म्हणणे होते. भोंग्याने त्यांना आत बसवले, पण दार लोटून घेतले. त्याचा जावई आता त्याच कारखान्यात सुपरवायझर होता. ज्या माणसाचा आवाज करवतीच्या वर ऐकू यायचा, तो इतक्या हळू बोलत होता की नानांना पुढे वाकून ऐकावे लागले. नळ सहाच होते, तो म्हणाला, मला काय माहीत नाही का? पण मला यात ओढू नका.

नानांनी त्याला दोष दिला नाही. ते उठून चालू लागले.

साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती. वर पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्याने टंकलेखिकेचे कागद उडत, आणि ती दर वेळी त्यांच्यावर पंचिंग मशीन ठेवी. मुलगी दुसऱ्या बाकावर बसली होती. वकीलबाईंचे प्रश्न ठरल्याप्रमाणे झाले. कपडे, अंगण, नळ, एकोणतीस वर्षे. नाना 'माझी बायको' म्हणायला एकदाही विसरले नाहीत.

मग कंपनीचे वकील उठले. वयस्क, गोरे, बोलायला फार मऊ. त्यांनी आधी इकडचे तिकडचे विचारले. बिडी-सिगरेट? नाही. घराचे छप्पर कशाचे? कौलाचे. शेजारी कुणाच्या छपराला सिमेंटचे पत्रे? दोघांच्या. ते त्यांनी लिहून घ्यायला लावले. मग बायकोची साक्ष हातात घेऊन त्या चार ओळी सावकाश वाचल्या.

"म्हणजे कंपनीनं सोय केली होती," ते म्हणाले. "तुम्हीही कपडे तिथं ठेवायला तयार होता. तुमच्या पत्नीच्या हट्टामुळे कपडे घरी आले आणि त्यांनी ते आपणहून झटकले. काका, एवढंच मला विचारायचंय. बरोबर आहे ना?"

'हो' म्हटले की संपत होते. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले होते. मुलगी मांडीवरच्या पर्सच्या पट्ट्याकडे बघत होती. नानांच्या डोक्यात तो एक शब्द राहिला, हट्ट. नव्या साडीसाठीसुद्धा तिने कधी हट्ट केला नव्हता.

"चूक आहे," नाना म्हणाले.

"काय चूक आहे?"

"हट्ट वगैरे. तिनं, माझ्या बायकोनं, कपडे आणायला कधीच सांगितलं नव्हतं. मीच आणायचो."

"मग पत्नीनं शपथेवर खोटं सांगितलं?"

"हो."

"कशासाठी?"

"माझ्यासाठी."

वकिलांनी न्यायाधीशांकडे पाहिले. जे हवे होते त्यापेक्षा जास्त हाती लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. ते घाईघाईने सूचनेचा कागद घेऊन जवळ आले. ही सही तुमची? माझीच. वाचून केली होती? वाचून केली होती. जबरदस्ती नव्हती? नव्हती. आणि तरीही रोज, पाऊण तास वाचवायला, तुम्ही ती मोडलीत?

"मोडली," नाना म्हणाले. "आता त्यात काय लिहिलंय ते वाचा."

वकील थबकले. न्यायाधीश म्हणाले, वाचा.

"कामाचे कपडे स्वच्छतेच्या कारणास्तव कारखान्यातच ठेवावेत."

"स्वच्छतेच्या," नाना म्हणाले. पाणी मागावे असे त्यांना वाटले, पण मागितले नाही. "मला वाटलं, घर घाण होईल म्हणून सांगतायत. घर तर ती झाडून-पुसून लख्ख ठेवायची. तिनं मला विचारलं होतं, सगळेच आणतात का. मी म्हणालो, आणतात. तो गुन्हा माझा आहे, तो तिच्यावर घालू नका. पण साहेब, या कागदावर कुठे एक ओळ असती की यानं तुझी बायको मरेल, तर मी दुसऱ्या बसनं गेलो असतो. रोज गेलो असतो."

न्यायाधीशांनी ते टंकलेखिकेला सावकाश सांगितले. ती शेवटी थांबली आणि तिने वर पाहिले. "रोज, असं लिहू?"

"लिहा," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण चेहरा उतरला होता. याचा फटका बसेल, एवढेच त्या म्हणाल्या. मुलगी बसथांब्यापर्यंत पुढे पुढे चालत राहिली. बसमध्ये मात्र ती नानांच्या शेजारी बसली आणि उतरेपर्यंत तिने त्यांच्या बाहीला धरून ठेवले होते.

निकाल लागायला चौदा महिने गेले. तो एकेचाळीस पानांचा होता. मुलीने पोस्टातून सुटल्यावर स्वयंपाकघरात बसून तो वाचून दाखवला, अवघड शब्द दोनदा वाचत. रोग त्या धुळीनेच झाला, हे सिद्ध झाले होते. धूळ कारखान्यातलीच, कपड्यांवरून घरी आलेली, हेही. वकीलबाईंनी कंपनीच्या डॉक्टरचे एक जुने पत्र दाखल केले होते. सूचना लागण्याच्या सात वर्षे आधी त्याने साहेबांना लिहिले होते की ही धूळ कामगारांच्या घरात जाता कामा नये, बायकामुलांना धोका आहे. न्यायाधीशांनी ते पत्र आणि ती सूचना शेजारी शेजारी ठेवून म्हटले होते की कंपनीला कारण माहीत होते आणि तिने स्वच्छतेच्या नावाखाली ते लपवले. भरपाई द्यायची होती. त्याच्यापुढे नानांचे वाक्य जसेच्या तसे छापलेले होते, शेवटच्या 'रोज'सकट.

मग मुलीचा आवाज बारीक झाला. सूचना वाचून, सही करूनही ती न पाळल्याबद्दल मयताचा पती एक पंचमांश जबाबदार आहे, असे पुढे होते.

"म्हणजे पाचातला एक भाग माझा," नाना म्हणाले.

"वकीलबाई म्हणाल्या, अपिलात तो काढून टाकता येईल. कंपनी अपिलात जाणारच आहे."

"तो भाग राहू दे. आईचं काय लिहिलंय?"

तिने पाने मागेपुढे केली. शोधायला वेळ लागला. "मयत स्त्रीनं पतीला वाचवण्यासाठी केलेलं विधान ग्राह्य धरता येत नाही," तिने वाचले. "तिला धोक्याची कोणतीही कल्पना दिलेली नव्हती. तिच्याकडे कोणताही दोष जात नाही."

"परत वाच."

तिने परत वाचले. नाना उठले, ओट्यापाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मुलीने कागद नीट रचले आणि चहा ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात नाना एकटेच कोर्टात गेले. घरी वाचलेली निकालाची प्रत वकीलबाईंची होती; त्यांना स्वतःसाठी शिक्क्याची नक्कल हवी होती. नकला मिळायची खिडकी तळमजल्यावर जिन्याखाली होती. रांगेत सातजण होते. नाना त्यांच्या मागे उभे राहिले. कुणी मध्ये घुसले तर त्याला जाऊ दिले. त्यांना घाई नव्हती.

खिडकीतल्या क्लार्कने अर्ज घेतला, नंबर पडताळला आणि पेनाने एका रिकाम्या चौकोनावर टकटक केली.

"हे राहिलंय. तुम्ही कोण, वादी की प्रतिवादी?"

नानांना चटकन उत्तर सुचले नाही. मागच्या माणसाने घसा खाकरला. क्लार्कने वर पाहिले. अशी गोंधळलेली माणसे त्याला रोज भेटत असावीत.

"कुणाच्या बाजूनं आहात, काका? तेवढंच सांगा."

"तिच्या," नाना म्हणाले. मग त्यांना आठवले. "माझ्या बायकोच्या."

क्लार्कने चौकोनात 'वादी' लिहिले आणि आठ दिवसांनी यायला सांगितले.